२९ अब्ज डॉलर, नऊ वर्षे आणि कक्षेत शून्य इंटरसेप्टर

१९८५ ते १९९३ या नऊ आर्थिक वर्षांत अमेरिकेने ‘स्ट्रॅटेजिक डिफेन्स इनिशिएटिव्ह’ (एसडीआय) या कार्यक्रमावर सुमारे २९ अब्ज डॉलर, म्हणजे २,९०० कोटी डॉलर खर्च केले. शत्रूची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे वाटेतच, आणि शक्य तेवढी अवकाशातूनच, पाडायची हा कार्यक्रमाचा उद्देश होता. नवव्या वर्षाच्या अखेरीस कक्षेत तैनात असलेल्या इंटरसेप्टरची, म्हणजे येणारे क्षेपणास्त्र पाडणाऱ्या शस्त्रांची, संख्या शून्य होती. क्षेपणास्त्र पाडू शकेल असा लेझरही कक्षेत नव्हता.

२९ अब्जांबाबत एक खुलासा आधीच करायला हवा. ही सगळी रक्कम अवकाशातल्या शस्त्रांवर गेलेली नाही. जमिनीवरची रडार यंत्रणा, जमिनीवरून सुटणारी इंटरसेप्टर क्षेपणास्त्रे, संवेदक, संगणक यांचा खर्चही तीत आहे. पण कार्यक्रम जन्माला आला तो अवकाशातल्या ढालीच्या आश्वासनावर, आणि शून्य हा आकडा त्या आश्वासनापुढचा आहे.

अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हे आश्वासन २३ मार्च १९८३ रोजी दूरचित्रवाणीवरील भाषणात दिले. दुसऱ्याच दिवशी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी त्याला ‘स्टार वॉर्स’ म्हटले, आणि कार्यक्रमाच्या अधिकृत नावापेक्षा हेच नाव टिकले. १९८४ मध्ये लेफ्टनंट जनरल जेम्स अब्राहमसन यांच्या हाताखाली स्वतंत्र संघटना उभी राहिली. पाच वर्षांचा आराखडा २६ अब्ज डॉलरचा होता.

मिळाले किती? १९८५ साठी मागणी होती १.८ अब्जांची, मंजूर झाले १.४. पुढच्या वर्षी ३.७ मागितले, २.७ मिळाले. १९८७ मध्ये ४.८ मागून ३.३, १९८८ मध्ये ५.२ मागून ३.६. चार वर्षांत १५.५ अब्जांच्या मागणीवर ११ अब्ज हाती आले, म्हणजे ७१ टक्के. अमेरिकी काँग्रेसने कार्यक्रम बंद केला नाही आणि मागेल तेवढे दिलेही नाही. वार्षिक वाढ पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते: पहिल्या वर्षी ९३ टक्के, मग २२, मग ९, आणि त्यानंतरची दोन वर्षे जवळपास शून्य. २६ अब्जांच्या पंचवार्षिक आराखड्यापैकी प्रत्यक्षात सुमारे १४.६ अब्ज मिळाले, म्हणजे ५६ टक्के.

या खर्चाने सोव्हिएत संघाला दिवाळखोरीत ढकलले, असे आजही ऐकू येते. खर्च करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर १९८७ मध्ये एसडीआयचा वाटा अमेरिकेच्या संरक्षण खर्चात जेमतेम १.२ टक्के होता. हा आकडा संशोधनाचा आहे, तैनातीचा नाही.

ढालीचे गणित

समोर काय होते? १९८०च्या दशकाच्या मध्याला सोव्हिएत संघाकडे सुमारे १,४०० आंतरखंडीय क्षेपणास्त्रे होती आणि त्यांवर ६,००० हून अधिक अण्वस्त्रे बसवलेली होती. पाणबुड्या आणि बॉम्बफेकी विमाने धरली तर एकूण संख्या १०,००० च्या आसपास जात होती. एसएस-१८ या एकाच प्रकारची ३०८ क्षेपणास्त्रे प्रत्येकी १० अण्वस्त्रे वाहू शकत, म्हणजे ३,०८०.

१०,००० पैकी ९० टक्के पाडली तरी १,००० पोहोचतात. ९९ टक्के पाडली तरी १००. एका शहराला एक पुरेसे असते. लष्कराला हे गणित ठाऊक होते, म्हणून १९८७ मध्ये संयुक्त सेनाप्रमुखांनी पहिल्या टप्प्यासाठी ठेवलेले उद्दिष्ट भाषणातल्या आश्वासनाशी जुळत नव्हते: पहिल्या हल्ल्यातली एसएस-१८ ची निम्मी आणि एकूण सुमारे ३० टक्के अण्वस्त्रे पाडायची. याचा अर्थ ७० टक्के पोहोचतील हे गृहीत होते. हल्ल्याचे नियोजन करणाऱ्या शत्रूला आपली कोणती अण्वस्त्रे पोहोचतील याची खात्री राहू नये, एवढाच हेतू उरला होता. भाषणापासून या उद्दिष्टापर्यंतचे अंतर चार वर्षांचे आहे.

क्षेपणास्त्र पाडायचे तर ते इंजिन जळत असतानाच पाडणे फायद्याचे. त्या वेळी ते मोठे, तेजस्वी आणि तुलनेने मंद असते, आणि दहा अण्वस्त्रे अजून एकाच दांड्यावर असतात. पुढे ती सुटी होतात, सोबत फसवे फुगे सोडता येतात. पण हा बूस्ट टप्पा द्रवइंधनी क्षेपणास्त्रात सुमारे चार मिनिटांचा आणि घनइंधनी क्षेपणास्त्रात सुमारे तीन मिनिटांचा असतो. शत्रूच्या भूमीत खोलवर चाललेल्या या तीन-चार मिनिटांपर्यंत जमिनीवरून पोहोचता येत नाही. अवकाश हवे ते यासाठी.

अवकाशाची अडचण अशी की तिथे थांबता येत नाही. ४०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला ७.७ किलोमीटर वेगाने फिरतो आणि ९२ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी करतो. सायबेरियावर जो आता आहे तो पाच मिनिटांनी तिथे नसतो. एक इंटरसेप्टर नेहमी जागेवर हवा असेल तर बाकीचे शेकडो जगभर विखुरलेले ठेवावे लागतात.

किती शेकडो, याचा ढोबळ हिशोब कागदावर करता येतो. क्षेपणास्त्र उडाल्याचे दिसून निर्णय होईपर्यंतचा वेळ वजा जाता हाती १२० सेकंद उरले असे धरू, आणि इंटरसेप्टरचा स्वतःचा वेग सेकंदाला ४ किलोमीटर धरू. त्याचा पल्ला ४८० किलोमीटर, आणि त्याने राखलेले क्षेत्र सुमारे ७.२ लाख चौरस किलोमीटर. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. भागाकार येतो सुमारे ७००. आता हाती १२० ऐवजी ८० सेकंद उरले असे धरू. पल्ला ३२० किलोमीटर, क्षेत्र ३.२ लाख, आणि भागाकार सुमारे १,६००. वेळ एक तृतीयांशाने घटला की इंटरसेप्टरची गरज सव्वादोन पट होते, कारण क्षेत्र पल्ल्याच्या वर्गाने घटते. शत्रूला यासाठी नवे विज्ञान लागत नाही. अधिक वेगाने जळणारे इंधन पुरते.

हा हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्षात वर्तुळे एकमेकांवर चढवावी लागतात, कक्षेचा कल पाहावा लागतो, इंटरसेप्टरचे वजन आणि वेग यांचा मेळ घालावा लागतो. ते सगळे करणारा ‘अमेरिकन फिजिकल सोसायटी’चा २००३-०४ चा अभ्यास एकेका घनइंधनी क्षेपणास्त्रासाठी १,६०० किंवा अधिक इंटरसेप्टर या आकड्यावर आला. अमेरिकेची त्या वेळची प्रक्षेपणक्षमता त्यासाठी पाच ते दहा पट वाढवावी लागली असती. १,६०० मध्ये एक म्हणजे ०.०६ टक्के. कक्षेतल्या ताफ्याचा एवढाच भाग ऐन वेळी कामाचा.

दोन क्षेपणास्त्रे एकाच ठिकाणाहून एकदम सुटली तर ताफा दुप्पट हवा. याच संस्थेच्या २०२५ च्या अहवालात उत्तर कोरियाच्या ह्वासाँग-१८ सारखी दहा घनइंधनी क्षेपणास्त्रे एकामागोमाग सुटली तर त्यांना तोंड द्यायला सुमारे १६,००० इंटरसेप्टर लागतील असा अंदाज आहे. या कक्षांमध्ये उपग्रहाचे आयुष्य पाच वर्षे धरले तर दर वर्षी ३,२०० बदलावे लागतील, म्हणजे दिवसाला जवळपास नऊ.

रेगन यांचेच सल्लागार पॉल निट्झ यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये याची कसोटी घालून दिली होती. वाढीव बचावाचा खर्च वाढीव हल्ल्याच्या खर्चापेक्षा कमी असला पाहिजे, नाहीतर शत्रू फक्त क्षेपणास्त्रे वाढवत जाईल. एका क्षेपणास्त्रामागे १,६०० इंटरसेप्टर हे प्रमाण त्या कसोटीवर कुठे बसते हे सांगण्यासाठी खर्चाचे तक्ते लागत नाहीत.

संख्या वाढली, किंमत घटली

१९८७ च्या पहिल्या आराखड्यात सुमारे ३०० उपग्रह होते आणि प्रत्येकात सुमारे दहा इंटरसेप्टर, म्हणजे एकूण ३,०००. या उपग्रहांना ‘गॅरेज’ म्हणत. एक गॅरेज उडवले की दहा शस्त्रे जातात, हा त्याचा दोष. १९८८ मध्ये आराखड्याची किंमत ११५ अब्ज डॉलर सांगितली गेली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती ६९ अब्जांवर आणली गेली.

मग आले ‘ब्रिलियंट पेबल्स’. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले लोवेल वूड आणि एडवर्ड टेलर, आणि लॉस अलामोसचे ग्रेगरी कॅनव्हन यांची ही कल्पना. गॅरेजच नको; प्रत्येक इंटरसेप्टर सुटा, स्वतःचे डोळे आणि स्वतःचा संगणक घेऊन फिरणारा. संख्या ठरली सुमारे ४,६००. १९९० मध्ये एकूण आराखड्याची किंमत ५५ अब्ज सांगितली गेली. म्हणजे दोन वर्षांत अवकाशातली शस्त्रे ५० टक्क्यांहून अधिक वाढली आणि अंदाजित खर्च ५२ टक्क्यांनी घटला. जमिनीवरच्या इंटरसेप्टरना लावलेली कात्री आणि मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनातून होणारी बचत, अशी त्याची कारणे दिली गेली. त्यातली दुसरी कधी तपासलीच गेली नाही, कारण उत्पादन झाले नाही.

जानेवारी १९९१ मध्ये अध्यक्ष थोरल्या बुश यांनी उद्दिष्ट पुन्हा कमी केले. हजारो अण्वस्त्रांऐवजी फार तर २०० पाडायची, चुकून सुटलेली किंवा एखाद्या छोट्या देशाने सोडलेली. त्यासाठी १,००० पेबल्स आणि जमिनीवर ७५० इंटरसेप्टर. पेबल्सच्या भागाचा अंदाज होता ११ अब्ज डॉलर, म्हणजे नगामागे सुमारे १.१ कोटी डॉलर. २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अशाच कामासाठी ६५० उपग्रहांचा काटकसरीचा ताफा धरला आणि वीस वर्षांचा खर्च काढला सुमारे ३०० अब्ज, नगामागे सुमारे ४६ कोटी. दोन्ही अंदाजांची व्याप्ती एक नाही, उपग्रहांचे वजन एक नाही, डॉलरही एका सालचे नाहीत. महागाई वजा केली तरी वीस पटींहून अधिक फरक उरतो. पहिला अंदाज शस्त्र बनवणाऱ्यांचा होता, दुसरा ते न बनवणाऱ्यांचा.

पेबल्सच्या उड्डाण चाचण्या झाल्या तीन: ऑगस्ट १९९०, एप्रिल १९९१ आणि ऑक्टोबर १९९२. पहिली आणि तिसरी अपयशी, मधली अंशतः यशस्वी. डिसेंबर १९९३ पर्यंत पेबल्सचा कार्यक्रम बंद झाला.

बारामतीचे पटेल

लेझरचा हिशोब वेगळा आहे, कारण प्रकाशाला पल्ल्याची अडचण कमी आणि शक्तीची जास्त. तो हिशोब ‘अमेरिकन फिजिकल सोसायटी’च्या अभ्यासगटाने केला आणि एप्रिल १९८७ मध्ये जाहीर केला. गटाचे दोन सहअध्यक्ष होते. एक निकोलास ब्लूमबर्गेन, १९८१ चे भौतिकीचे नोबेल मानकरी. दुसरे कुमार पटेल. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. १९५८ मध्ये पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग स्टॅनफर्डला डॉक्टरेट, आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध. धातू कापण्यासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी जगभर वापरला गेला तो हा लेझर. लेझरच्या विरोधकांनी लिहिलेला अहवाल म्हणून तो बाजूला सारणे शक्य नव्हते.

अहवालाचे निष्कर्ष पटींत आहेत. रासायनिक लेझरची शक्ती किमान शंभर पट वाढायला हवी. एक्सायमर लेझरची ऊर्जा किमान दहा हजार पट. उदासीन कणांच्या झोतासाठी त्वरकाची क्षमता शंभर पट. आणि ही शस्त्रे शक्य आहेत की नाहीत, एवढे ठरवण्यासाठीच दहा वर्षे किंवा अधिक काळ जोरकस संशोधन लागेल. शक्य ठरली तर ती बनवायला किती वर्षे, हा प्रश्न त्यानंतरचा. अब्राहमसन यांच्या संघटनेने निष्कर्ष फार निराशावादी असल्याचे म्हटले. पुढच्या दहा वर्षांत यांपैकी एकही शस्त्र कक्षेत गेले नाही.

एक प्रकार याहून विचित्र होता. अणुबॉम्बच्या स्फोटातून क्ष-किरणांचा लेझर निर्माण करायचा आणि तो क्षेपणास्त्रांवर रोखायचा. टेलर यांचा रेगन यांच्याकडे आग्रह होता तो मुख्यतः याचा. रेगन यांच्या भाषणानंतर तीन दिवसांनी, २६ मार्च १९८३ रोजी, नेवाडात त्याची एक भूमिगत चाचणी झाली. पुढे १९८५ पर्यंत शंका पक्की झाली की लेझरची तीव्रता मोजणारे बेरिलियमचे आरसे स्वतःच उजेड देत असावेत. म्हणजे मोजमापातली काही चमक मोजपट्टीचीच होती. टेलर यांचे दावे वाढवून सांगितलेले आहेत असे मानणारे लिव्हरमोरमधले वरिष्ठ अधिकारी रॉय वुड्रफ यांनी त्या वर्षी पद सोडले.

राजीनामा आणखी एक झाला, जून १९८५ मध्ये. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास एसडीआयच्या सल्लागार मंडळावर होते, मानधन दिवसाला १,००० डॉलर. यंत्रणेसाठी सुमारे १ कोटी ओळींचा प्रोग्रॅम लागेल असा सरकारी अंदाज होता. स्पेस शटलमधला प्रोग्रॅम सुमारे ४ लाख ओळींचा होता, म्हणजे गरज २५ पटींच्या आसपास. पार्नास यांचा आक्षेप ओळींच्या संख्येवर नव्हता. खऱ्या वापराआधी ज्याची खऱ्या परिस्थितीत चाचणीच होऊ शकत नाही, आणि पहिल्याच वापरात ज्याने चुकून चालत नाही, तो प्रोग्रॅम विश्वासार्ह आहे असे कोणालाही सांगता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते एसडीआयवरचा हा सर्वांत कमी खोडला गेलेला आक्षेप आहे.

समोरची बाजू

सोव्हिएत संघ हातावर हात ठेवून बसला नव्हता, आणि १९८३ नंतर जागा झाला असेही नाही. लेझरयुक्त अवकाशस्थानकाचा ‘स्कीफ’ प्रकल्प १९७०च्या दशकातला. त्याची चाचणीप्रत ‘पोल्यूस’, वजन सुमारे ८० टन, १५ मे १९८७ रोजी एनर्जिया रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात वर गेली. रॉकेटने काम चोख केले. पोल्यूसला मात्र १८० अंश वळून आपले इंजिन चालवायचे होते. ते ३६० अंश वळले आणि इंजिनाने कक्षेकडे नेण्याऐवजी उलटे ढकलले. ८० टन पॅसिफिक महासागरात गेले.

त्याच्या सात महिने आधी, ११ व १२ ऑक्टोबर १९८६ रोजी, रेक्याविकमध्ये रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह अण्वस्त्रे पूर्ण संपवण्याच्या चर्चेपर्यंत आले होते. बोलणी तुटली ती एका अटीवर: दहा वर्षे एसडीआयचे संशोधन प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ठेवायचे. रेगन यांनी नकार दिला. जे शस्त्र त्या दहा वर्षांत तयार होणार नव्हते, ते प्रयोगशाळेबाहेर काढण्याच्या हक्कासाठी हा नकार होता. भारताची भूमिका या काळात नोंदलेली आहे. २८ जानेवारी १९८५ च्या दिल्ली जाहीरनाम्यात राजीव गांधी आणि आणखी पाच देशांच्या नेत्यांनी अवकाशातली शस्त्रस्पर्धा रोखण्याची मागणी केली होती.

निधीच्या तक्त्यातली सर्वांत न जुळणारी ओळ १९९२ ची आहे. १९९१ मध्ये २.९ अब्जांवर आलेली तरतूद १९९२ मध्ये ४.१ अब्ज झाली, वाढ ४१ टक्के. त्याच आर्थिक वर्षात, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्या शत्रूसाठी कार्यक्रम सुरू झाला तो नाहीसा होताना त्याला नऊ वर्षांतली सर्वांत मोठी रक्कम मिळाली. कारण इराकचे स्कड. आखाती युद्धात टीव्हीवर दिसलेल्या त्या क्षेपणास्त्रांमुळे छोट्या पल्ल्याच्या बचावाला मागणी आली. १९९३ मध्ये तरतूद ३.७ अब्ज आणि १९९४ मध्ये २.८ अब्ज, म्हणजे एका वर्षात २४ टक्के घट. १३ मे १९९३ रोजी संरक्षणमंत्री लेस ऍस्पिन यांनी संघटनेचे नाव बदलले आणि स्टार वॉर्सचा काळ संपल्याचे जाहीर केले.

अर्ध्या टक्क्याचे फळ

मागे काय उरले? दोन छोट्या खर्चांचा माग सर्वांत सहज लागतो. डीसी-एक्स हे सरळ उडून सरळ उतरणारे प्रायोगिक रॉकेट, खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. १८ ऑगस्ट १९९३ रोजी न्यू मेक्सिकोत त्याने ५९ सेकंदांचे पहिले उड्डाण केले. स्पेसएक्सचे फाल्कन-९ कक्षेत उपग्रह सोडून जमिनीवर उतरले ते डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी. दुसरा खर्च क्लेमेंटाइन या यानाचा, सुमारे ८ कोटी डॉलर. पेबल्ससाठी हलके केलेले कॅमेरे अवकाशात तपासायचे म्हणून जानेवारी १९९४ मध्ये ते चंद्राकडे पाठवले गेले. त्याने १८ लाखांच्या आसपास छायाचित्रे घेतली आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ असावा असा पहिला संकेत दिला. चंद्रावरच्या पाण्याचा प्रश्न तिथून सुरू झाला आणि २००८ च्या चांद्रयान-१ पर्यंत आला. क्लेमेंटाइनची पुढची लघुग्रहाकडची सफर मात्र प्रोग्रॅममधल्या चुकीने इंधन संपून हुकली. पार्नास यांनी याची नोंद घेतली असेल.

दोन्ही मिळून १४ कोटी डॉलर. २९ अब्जांचा अर्धा टक्का.

माणसांचा वारसा मोजणे कठीण, पण एक नाव टाळता येत नाही. एसडीआयमध्ये तंत्रज्ञानाची जबाबदारी सांभाळलेले मायकेल ग्रिफिन २००५ मध्ये नासाचे प्रमुख झाले. खासगी कंपन्यांकडून मालवाहू उड्डाणे विकत घेण्याचा कार्यक्रम त्यांच्या काळात सुरू झाला. २००६ मध्ये स्पेसएक्सला त्यातून सुमारे २७.८ कोटी डॉलर आणि डिसेंबर २००८ मध्ये १.६ अब्जांचे कंत्राट मिळाले.

करारांच्या खात्यात वारसा उणे आहे. क्षेपणास्त्रविरोधी बचावावरच्या १९७२ च्या एबीएम कराराने दोन्ही महासत्तांना बचावाच्या दोन-दोन जागा आणि प्रत्येक जागी १०० इंटरसेप्टर एवढी मर्यादा घातली होती, आणि १९७४ मध्ये ती एकेका जागेवर आणली. अमेरिकेने आपली जागा नॉर्थ डाकोटात उभारली. ती १ ऑक्टोबर १९७५ रोजी कार्यान्वित झाली आणि २ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने ती बंद करण्यासाठी मत दिले. जून २००२ मध्ये अमेरिका करारातूनच बाहेर पडली. त्या वर्षी क्षेपणास्त्र बचावाची तरतूद ४.८ अब्जांवरून ७.८ अब्जांवर गेली, वाढ ६२ टक्क्यांची. आज जमिनीवर ४४ इंटरसेप्टर आहेत, ४० अलास्कात आणि ४ कॅलिफोर्नियात. चाचण्यांत २१ पैकी १२ वेळा लक्ष्य पडले, ५७ टक्के, आणि चाचणीची वेळ व लक्ष्य आधी ठाऊक असते. १०० ची मर्यादा घालणारा करार सोडला गेला. दोन दशकांनंतरही संख्या त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे.

स्वस्त झाले ते काय

२०२५ मध्ये विषय परत आला. २० मे रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘गोल्डन डोम’ या क्षेपणास्त्र बचाव यंत्रणेची किंमत १७५ अब्ज डॉलर आणि मुदत सुमारे तीन वर्षे सांगितली. अवकाशातले इंटरसेप्टर त्यात आहेत. समर्थकांचा मुद्दा असा की १९८७ मध्ये जे परवडत नव्हते ते आता परवडते, कारण उपग्रह वर नेणे स्वस्त झाले. हा मुद्दा निम्मा खरा आहे. स्पेस शटलने एक किलो कक्षेत नेण्याचा खर्च सुमारे ५४,५०० डॉलर येत असे, फाल्कन-९ चा जाहीर दर सुमारे २,७०० डॉलरपर्यंत उतरला होता. घट वीस पट. ४,६०० उपग्रहांचा ताफा १९८८ मध्ये अशक्य वाटत होता, २०२५ मध्ये स्टारलिंकचे ७,००० हून अधिक उपग्रह कक्षेत होते.

आता एकूण खर्च पाहू. अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने मे २०२५ मध्ये जुने अभ्यास प्रक्षेपणाच्या नव्या दरांनी पुन्हा मोजले. उत्तर कोरियासारख्या देशाची एक किंवा दोन क्षेपणास्त्रे थोपवणाऱ्या ताफ्याचा वीस वर्षांचा सर्वांत कमी अंदाज २६४ अब्जांवरून १६१ अब्जांवर आला, सर्वांत जास्त ८३१ वरून ५४२ वर. घट अनुक्रमे ३९ आणि ३५ टक्के. वर नेण्याचे भाडे कोसळले तरी बिल तेवढे कोसळत नाही, कारण बिलाचा मोठा भाग इंटरसेप्टर बनवण्याचा आणि बदलत राहण्याचा आहे, आणि किती हवेत हे रॉकेटच्या दरावर अवलंबून नाही. ते ४८० किलोमीटरच्या वर्तुळावर आणि ५१ कोटी चौरस किलोमीटरच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे.

जुलै २०२५ च्या कायद्याने या कामाला सुमारे २४ अब्ज डॉलर दिले. त्यात अवकाशातल्या संवेदकांना ७.२ अब्ज आणि अवकाशातले इंटरसेप्टर व बूस्ट टप्प्यातील बचावाला ५.६ अब्ज आहेत. संवेदकांचा आकडा मोठा आहे, आणि तो पैसा वाया जाण्याची शक्यता कमी. क्षेपणास्त्र पाहण्यासाठी थोडे उपग्रह पुरतात, पाडण्यासाठी हजारो लागतात. अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूटचे टॉड हॅरिसन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये संपूर्ण गोल्डन डोमचा वीस वर्षांचा खर्च २५२ अब्ज ते ३,६०० अब्ज डॉलर, म्हणजे वरच्या टोकाला ३.६ लाख कोटी डॉलर असा मांडला. दोन टोकांत चौदा पटींचा फरक आहे, कारण किती क्षेपणास्त्रे आणि कोणाची, हे ठरलेले नव्हते.

जाहीर झालेल्या १७५ अब्जांशी अंदाजपत्रक कार्यालयाचा सर्वांत कमी आकडा, १६१ अब्ज, ताडून पाहता येतो. एक तीन वर्षांचा आणि दुसरा वीस वर्षांचा असल्याने तुलना सरळ नाही. तरीही केवळ अवकाशातले इंटरसेप्टर, तेही उत्तर कोरियाच्या एक-दोन क्षेपणास्त्रांपुरते, जाहीर रकमेच्या ९२ टक्के घेतात. रशिया आणि चीन या हिशोबात अजून धरलेले नाहीत.